मळ्यातल्या घराला सोलरवर कॅमेरा बसवायचाय? मग श्रावणातल्या आभाळाचा हिशोब आधी करा

आमचं मळ्यातलं घर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या अंगाला, गावापासून अडीच किलोमीटर आत. दिवाळीच्या आसपास वेचलेला कापूस ओसरीत आणि पुढच्या खोलीत छतापर्यंत भरलेला असतो, भाव वाढेल म्हणून थांबवून ठेवलेला, बाहेर ठिबकची बंडलं, विहिरीवर मोटारीची केबल. ज्याच्या विहिरीवरची तांब्याची केबल एकदा कापून नेलीय त्याला विचारा रात्री झोप कशी लागते ते. म्हणून कॅमेरा. पण मळ्यात लाइट शेतीच्या फीडरची, थ्री फेज आठ तास, ती पण कधी दिवसा कधी रात्री, आणि पावसाळ्यात वारा सुटला की दोन दोन दिवस नाही. म्हणजे ज्या रात्री कॅमेरा लागतो नेमका त्याच रात्री तो बंद. म्हणून सोलर.

आतापर्यंत स्वतःचं घर धरून चार ठिकाणी बसवून झालंय, दोन आमच्या भाऊबंदांकडे, एक बहिणीकडे शिरपूरला. त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहून ठेवतोय, ज्याला बसवायचंय त्याने आधी पूर्ण वाचा आणि मग दुकानात जा.

सगळ्यात आधी एक गोष्ट. आपल्याकडे लोक म्हणतात खान्देशात उन्हाला काय कमी, सोलर तर चालणारच. ऊन भरपूर आहे हे खरं, पण मी बघितलेले सोलर कॅमेरे वर्षातून दोनच वेळा बंद पडतात, एक मे महिन्यात आणि एक आषाढ-श्रावणात. मे मध्ये उष्णता बॅटरीला मारते आणि श्रावणात आभाळ पॅनलला मारतं. कॅमेरा घेताना आपण बाहेर बघतो तेव्हा असतं लख्ख ऊन, दुकानदार पण तेच ऊन दाखवतो, आणि त्या उन्हाच्या हिशोबाने बारकंसं पॅनल गळ्यात मारतो. या दोन वेळांचा हिशोब खरेदीच्या वेळीच केला तर बाकी वर्षभर तुम्हाला तिकडे बघायची पण गरज नाही.

आता तुम्हाला सोलर लागतंच का ते पण बघा. घर गावठाणात असेल, सिंगल फेज लाइट असेल आणि दिवसातून दोन-तीन तास जात असेल तर सोलरच्या मागे लागू नका, राउटरला लावतात तसला १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस मिळतो, एक कॅमेऱ्याला आणि एक राउटरला लावा, काम झालं. आणि ज्यांनी पीएम सूर्यघर मधून छतावर सोलर बसवलंय त्यांना वाटतं आता लाइट गेली तरी कॅमेरा चालेल. नाही चालत. ते ऑनग्रिड असतं, लाइनला लाइट नसली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, तसा तो मुद्दामच केलेला असतो, खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून. बॅटरीवाला हायब्रीड असेल तर गोष्ट वेगळी. तिसरं म्हणजे सौर कृषी पंपाचं पॅनल मळ्यात उभं आहे तर त्यातूनच एक वायर ओढून कॅमेऱ्याला द्यावी असं खूप जणांच्या डोक्यात येतं, ते चुकून पण करू नका. त्या पॅनलची लाइन सिरीजमध्ये जोडलेली असते, डीसी व्होल्टेज शेकड्यात जातं, आणि डीसीचा आर्क एकदा पेटला की एसीसारखा पटकन विझत नाही, हात भाजतो, जीव पण जाऊ शकतो. शिवाय त्याला बॅटरी नसते म्हणजे रात्री तसंही शून्य. कॅमेऱ्याला त्याचं स्वतःचं पॅनल, स्वतःची बॅटरी.

कॅमेरे दोन जातीचे आहेत हे आधी नीट समजून घ्या, सगळा घोळ इथेच होतो. पहिली जात म्हणजे आतच बॅटरी असलेला, सोबत ३ ते ६ वॅटचं छोटं पॅनल. हा कॅमेरा बहुतेक वेळ झोपलेला असतो, समोरून माणूस गेला की त्याचा पीआयआर सेन्सर त्याला उठवतो, मग तो दहा-वीस सेकंद रेकॉर्ड करून परत झोपतो. झोपेत करंट जवळजवळ खातच नाही म्हणून एवढ्याशा पॅनलवर त्याचं भागतं. दुसरी जात म्हणजे चोवीस तास रेकॉर्डिंग करणारा १२ व्होल्टचा ४जी कॅमेरा, त्याला बाहेरून मोठं पॅनल आणि वेगळी बॅटरी लागते. दुकानात दोघांनाही 'सोलर कॅमेरा'च म्हणतात, आणि माणूस पहिला घेतो आणि दुसऱ्याचं काम त्याच्याकडून मागतो.

पहिल्या जातीचा घराच्या दारासाठी, ओसरीसाठी, गोठ्यासाठी चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याच्या दोन अडचणी आपल्याकडे जास्तच जाणवतात. पीआयआर सेन्सर हा माणसाच्या अंगाची उष्णता आणि मागची उष्णता यातला फरक बघतो. जळगाव-भुसावळकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, समोरची भिंत आणि जमीन माणसाच्या अंगाएवढीच तापलेली, मग सेन्सरला फरकच कळेनासा होतो आणि भर दुपारी माणूस समोरून गेला तरी कॅमेरा उठत नाही. रात्री हवा थोडी उतरली की परत व्यवस्थित. दुसरं म्हणजे हा सेन्सर आडवं जाणाऱ्याला लवकर पकडतो, सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणाऱ्याला उशिरा. म्हणून तो दरवाजाच्या बरोबर समोर नका लावू, पायवाट त्याच्या समोरून आडवी जाईल असा कोपऱ्यात लावा. आणि रस्ता किंवा हलणारी केळीची पानं त्याच्या नजरेत ठेवू नका, नाहीतर दिवसभर उठत बसेल आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी रिकामी.

कापूस, केबल, ट्रॅक्टर, खळ्यातला माल हे सांभाळायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे, दुसऱ्या जातीचाच घ्या. चोर आला तेव्हा कॅमेरा झोपलेला होता हे ऐकायला नको. पुढचं सगळं त्याच्याबद्दलच लिहितोय.

आता हिशोब. वही घ्या, अवघड काही नाही. कॅमेऱ्याच्या खोक्यावर किंवा अ‍ॅडॉप्टरवर वॅट लिहिलेले असतात पण ते जास्तीत जास्त असतात, खरं खाणं कमी असतं. साधा न फिरणारा ४जी बुलेट कॅमेरा दिवसा साडेतीन-चार वॅट घेतो आणि रात्री आयआरचे, म्हणजे अंधारात बघायचे इन्फ्रारेड लाइट लागले की सहा वॅटच्या आसपास. म्हणजे बारा तास साडेतीन, झाले ४२, बारा तास सहा, झाले ७२, बेरीज ११४ वॅट-तास. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसणारा चार्ज कंट्रोलर आणि कॅमेऱ्याचं व्होल्टेज स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर थोडं खातात ते धरून १२५ धरा. हे झालं एका दिवसाचं खाणं. फिरणारा कॅमेरा घेतला, त्यात रात्री पांढरा फ्लडलाइट रात्रभर चालू ठेवला तर हाच आकडा दुपटीवर जातो, म्हणून मी सगळ्यांना सांगतो की फिरणाऱ्याच्या मोहात पडू नका, तो तिकडे वळलेला असताना इकडे काय झालं ते दिसत नाही, त्यापेक्षा दोन साधे परवडले.

१२५ वॅट-तास परत भरायला किती वॅटचं पॅनल? इथे श्रावण आठवा. आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला पाचेक तास 'पूर्ण ऊन' मिळतं असं धरतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन सगळं गोळा करून दुपारच्या कडक उन्हाचे पाच तास होतील एवढं. पावसाळ्याच्या झाकोळाच्या दिवसात तेच तीनवर येतं, झडी लागली की त्याहून खाली. आणि पॅनलवर जे वॅट लिहिलेत त्यातले धूळ, वायर, उष्णता मिळून तीस टक्के तरी जातात, म्हणून ०.७ ने गुणायचं. १२५ भागिले तीन भागिले ०.७, उत्तर येतं ६० वॅट. हे फक्त रोजचं भागायला. झडीत रिकामी झालेली बॅटरी परत भरायला वर काहीतरी पाहिजे, म्हणून ७५ च्या खाली जाऊच नका आणि शक्य असेल तर १०० घ्या. मला पहिल्यांदा एका दुकानदाराने ४० वॅटचं दिलं होतं, मार्चमध्ये बसवलं, जूनपर्यंत एकदा पण बंद पडलं नाही, मी चार जणांना सांगून पण टाकलं की बघा किती छान चालतंय. जुलैत सलग पाच दिवस सूर्य दिसला नाही आणि तिसऱ्या दिवशी पहाटे आप्पांचा फोन, काय व्हयनं रे भाऊ, कॅमेरा बंद पडी गया. त्या चार जणांना मला परत फोन करून सांगावं लागलं की थांबा, ४० घेऊ नका.

उष्णतेचं पण सांगतो कारण हे दुकानात कोणी सांगत नाही. पॅनलला उजेड पाहिजे असतो, उष्णता नको असते. पॅनलवर लिहिलेले वॅट हे पॅनल २५ डिग्रीला असताना मोजलेले असतात, त्याच्या वर दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के कमी होतात. मे मध्ये बाहेर ४५ असेल तर पॅनलची काच आणि आतले सेल सत्तरच्या आसपास पोचतात, म्हणजे अठरा टक्के नुसत्या तापण्याने गेले. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळू द्या, वीतभर तरी गॅप ठेवा.

दिशा दक्षिण, आणि मोबाइलचं होकायंत्र आपल्या भागात पुरेसं बरोबर दाखवतं, त्याच्यावर विश्वास ठेवा. तिरपेपणा २० ते २५ डिग्री, जळगाव, धुळे, नंदुरबार सगळे २१ अक्षांशाच्या आसपास आहेत म्हणून हा आकडा. एवढा उतार असला की पावसाचं पाणी धूळ घेऊन खाली येतं. सपाट ठेवलं तर खालच्या कडेला चिखलाची पट्टी साचते आणि शेवटची रांग झाकली जाते. सावलीच्या बाबतीत अजिबात तडजोड नको. पॅनलमधले सेल एकामागे एक माळेसारखे जोडलेले असतात, लिंबाच्या एका फांदीची सावली दोन सेलवर पडली तरी अर्धं पॅनल बसतं. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे खाली असतो आणि सावल्या लांब पडतात, म्हणून उन्हाळ्यात बसवताना दक्षिणेच्या झाडाकडे बघून अंदाज घ्या की हिवाळ्यात दुपारी बाराला याची सावली कुठे येईल.

आता बॅटरी, ज्याच्यात सगळे पैसे वाया जातात. पॅनलच्या मागेच चिकटवलेल्या काळ्या डब्यात बॅटरी असलेले तयार सेट मिळतात, दिसायला छान, बसवायला सोपे, आणि आपल्या उन्हाळ्यात सगळ्यात वाईट. आमच्या भाऊबंदांकडे असाच एक होता. दुसऱ्या मे मध्ये दुपारी तीनला मी शिडीवर चढून त्या डब्याला हात लावला, पाच सेकंद पण हात ठेववेना. संध्याकाळी खोललं तर आतल्या सेलचं प्लास्टिकचं वेष्टण सुटून आलेलं, एक सेल फुगून झाकणाला टेकलेला. लिथियम बॅटरी ४५ डिग्रीच्या वर चार्ज होत राहिली की तिचं आयुष्य झपाट्याने संपतं, आणि पॅनलच्या पाठीमागे सत्तर डिग्री. पॅनलला ऊन पाहिजे आणि बॅटरीला सावली पाहिजे, दोघांना एका जागी बांधायचंच कशाला. फुगलेली बॅटरी टोचू नका, परत चार्ज करून बघू नका, घराबाहेर वाळूच्या घमेल्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आमच्या मळ्यातलं जुनं घर धाब्याचं आहे, मातीच्या जाड भिंती, आत उत्तरेच्या भिंतीत एक कोनाडं जिथे पूर्वी माय कंदील ठेवायची. त्या कोनाड्यात बॅटरी आणि कंट्रोलर ठेवलाय. मे मध्ये बाहेर आग असते तेव्हा पण ते कोनाडं हाताला गार लागतं. धाब्याचं घर नसेल तर उत्तरेच्या भिंतीवर, पत्र्यापासून दूर, पांढरा रंग दिलेल्या पेटीत ठेवा, पेटीला खालून आणि वरच्या बाजूने जाळी लावून हवेला वाट द्या.

बॅटरी लिथियम फॉस्फेटची घ्या, दुकानात लायफेपो किंवा एलएफपी म्हटलं की कळतं. १२.८ व्होल्ट, ३० एएच (अँपिअर-तास). हिशोब असा, १२.८ गुणिले ३० म्हणजे ३८४ वॅट-तास, त्यातले पंच्याऐंशी टक्के वापरले तर ३२६, रोजचं खाणं १२५, म्हणजे अडीच दिवस अजिबात ऊन नसताना. आणि ढगाळ दिवसात पण पॅनल दहा-वीस टक्के देतंच, म्हणून पाच दिवसांची झडी निघून जाते. घरात इन्व्हर्टरची जुनी लेड अ‍ॅसिड असेल तर ती चालेल का असं विचारतात, चालेल पण ती निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे एएच जवळजवळ दुप्पट धरा, आणि पाणी बघत राहा. ७ एएचची यूपीएसची बॅटरी या कामाला घेऊ नका, एक रात्र पण धड निघत नाही.

कंट्रोलर ७५-१०० वॅटला साधा १० अँपिअरचा पीडब्ल्यूएम जातीचा, स्वस्तातला, पुरतो, पण पॅनल ३६ सेलचं '१२ व्होल्ट'वालं पाहिजे, ज्याचं ओपन, म्हणजे काही न जोडता मोजलेलं व्होल्टेज २१-२२ असतं. छतावरच्या सोलरचं उरलेलं ५४० वॅटचं मोठं पॅनल फुकट मिळतंय म्हणून याला लावू नका, त्याचं व्होल्टेज पन्नासच्या जवळ जातं, स्वस्त कंट्रोलर लगेच जळतो. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार बदलायचा असतो, कंपनीतून तो बहुतेक वेळा लेड अ‍ॅसिडवर येतो, तिथे लिथियम फॉस्फेट करा. त्याच्या स्क्रीनवरच्या चार कांड्यांवर जाऊ नका, या बॅटरीचं व्होल्टेज बराच वेळ १३ च्या आसपासच राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं, त्यामुळे तीन कांड्या दिसत असताना पण ती रिकामी होत आलेली असू शकते.

जोडणीचा क्रम पाठ करून ठेवा: आधी बॅटरी, मग पॅनल, मग कॅमेरा. काढताना उलट. पॅनल आधी जोडलं तर कंट्रोलरला बॅटरी किती व्होल्टची ते कळत नाही आणि पॅनलचं व्होल्टेज सरळ पुढे जाऊ शकतं. पॅनलवर गोणपाट टाकून मग वायरी जोडा. बॅटरीच्या प्लसजवळ, वीतभर अंतरात, १० अँपिअरचा फ्यूज टाकाच. बॅटरी बारकी दिसते पण शॉर्ट झाली तर वायर लाल होते, आणि आपल्या ओसरीत कापूस आहे हे लक्षात ठेवा. फ्यूजचे चाळीस रुपये वाचवायची जागा ही नाही.

कॅमेऱ्याला १२ व्होल्ट लागतात आणि बॅटरी चार्ज होताना १४.४ पर्यंत जाते. काही कॅमेरे सहन करतात, काही नाही, त्यामुळे मध्ये १२ व्होल्टचा डीसी स्टॅबिलायझर, म्हणजे बक-बूस्ट कन्व्हर्टर टाकला की भांडणच मिटलं. वायर पातळ घेऊ नका. १ चौरस मिलिमीटरची वायर वीस मीटर नेली की रात्री आयआर लागताना कॅमेऱ्यापाशी व्होल्टेज साधारण ०.४ ने पडतं, टेलिफोनच्या वायरसारखी पातळ असेल तर त्याच्या कितीतरी पट, मग कॅमेरा दिवसभर नीट चालतो आणि अंधार पडला की सारखा बंद-चालू होतो. लोक म्हणतात कॅमेरा खराब निघाला, बदलून आणतात, तो पण तसंच करतो. २.५ ची वायर टाका, प्रश्न संपला. आणि वायर उघडी सोडू नका, खारी आणि उंदीर कुरतडतात. मळ्यात ठिबकची १६ मिमीची साधी काळी नळी, म्हणजे ड्रिपर नसलेली, प्रत्येकाकडे पडलेली असते, त्यातून वायर ओढा, ती उन्हात वर्षानुवर्षं टिकते. नळीच्या सगळ्यात खालच्या वळणाला एक भोक पाडा म्हणजे आत शिरलेलं पाणी निघून जाईल.

खांब उभा करायचा असेल तर काळ्या जमिनीची काळजी घ्या. आपली काळी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, दीड फुटावर रोवलेला पाइप एका वर्षात तिरका होतो आणि कॅमेरा चोराऐवजी चांदण्या दाखवतो. मुरूम लागेपर्यंत खोदा, किमान अडीच-तीन फूट, आणि काँक्रीट भरा. मे-जूनची वावधानं रावेर-यावलकडे केळीच्या अख्ख्या बागा झोपवतात हे आपण बघतोच, पॅनल म्हणजे शीडच आहे, त्याला प्लास्टिकचे टाय किंवा तार चालत नाही, अँगल आणि नटबोल्टच पाहिजे, आणि बोल्टच्या टोकाला वेल्डिंगचा एक ठिपका द्या म्हणजे पॅनलच चोरीला जाणार नाही. घराचं छत मजबूत असेल तर मी पॅनल छतावरच लावतो, खांबावर फक्त कॅमेरा.

कॅमेऱ्याची उंची नऊ-दहा फूट. लोक पंधरा फुटावर लावतात, कोणाचा हात पोचू नये म्हणून, पण आपल्याकडे डोक्याला रुमाल-टॉवेल गुंडाळलेला असतो, एवढ्या वरून फक्त टॉवेल दिसतो आणि तोंड दिसत नाही. पूर्व-पश्चिमेला थेट तोंड करू नका, उगवता-मावळता सूर्य आत शिरतो. पांढरी भिंत किंवा पत्रा अगदी बाजूला असेल तर रात्री आयआर तिथून उलटा येतो आणि चित्र धुरकट होतं.

रात्रीचं अजून एक. पहिल्या पावसानंतर किडे उजेडाकडे धावतात आणि किड्यांमागे कोळी. आमच्याकडे एका रात्रीत सत्तर अलर्ट आले, सकाळी बघितलं तर लेन्सच्या पुढे कोळ्याचा एकच धागा होता, आयआरच्या उजेडात तो दोरखंडासारखा पांढरा चमकायचा आणि वाऱ्याने हलला की कॅमेऱ्याला वाटायचं माणूस. आठवड्यातून एकदा जुन्या रंगाच्या मऊ ब्रशने तोंड झाडायचं, बस. वायरी डब्यात खालूनच घ्या, आत जाण्याआधी एक लोंबता वळसा द्या म्हणजे पाणी वळशातून ठिबकेल, आणि भोक सिलिकॉनने बंद करा, मुंग्या आणि गांधीलमाशा बाकी कुठेही घर करतील पण आत नको. डबा आणि कॅमेरा आयपी ६६ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा घ्या. खांबाला अर्थिंग द्या, आणि आजूबाजूला सगळ्यात उंच तोच असेल असा उघड्या वावरात उभा करू नका, विजा आपल्याकडे काय करतात ते सांगायला नको.

सिमचं थोडक्यात. कॅमेरा घेण्याआधी ज्या जागी तो लागणार तिथे उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून बघा, कोणत्या कंपनीची रेंज धरते ते, आणि दुकानदाराला विचारा की हेच सिम यात चालतं का. रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर ठेवा आणि मोबाइलवर फक्त अलर्ट आले की बघा. १ एमबीपीएसने लाइव्ह बघितलं तर तासाला ४५० एमबी जातात, दिवसभर पोरांनी मळा बघत बसलं की डेटा संपला आणि रात्री अलर्टच आला नाही. त्याच वेगाने रेकॉर्डिंग दिवसाला अकराएक जीबी होतं, १२८ जीबीच्या कार्डात साधारण अकरा दिवस मावतात आणि मग जुनं पुसून नवं चढतं. म्हणून काही घडलं तर क्लिप त्याच दिवशी काढून घ्या, कार्ड जसंच्या तसं बाजूला ठेवा, पोलिसांना मूळ फाइल लागते. आणि त्या रात्री एकट्याने टॉर्च घेऊन बाहेर पडू नका, ११२ लावा, शेजारच्या मळ्यांना फोन करा. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या तपासणीची सरकारी अट लागू झालीय, तेव्हा बिलासकट आणि बीआयएसचा मार्क असलेलाच घ्या. शेजाऱ्याचं अंगण, न्हाणी, पाणवठा नजरेत येत असेल तर अ‍ॅपमध्ये तेवढा भाग काळा करायची सोय असते, ती वापरा आणि त्यांना बोलावून मोबाइलवर दाखवा. आमच्या शेजारच्या नानांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले जरा इकडे वळव, आमचा पण गोठा दिसू दे.

देखभाल म्हणाल तर पॅनल पुसणं. कापूस वेचणीच्या दिवसात आणि एप्रिल-मेच्या वाऱ्यात पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने. उन्ह चढायच्या आत सकाळी पुसा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं क्षाराचं पाणी तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग बसतात आणि ते निघत नाहीत, म्हणून पुसून कोरडं करा.

सगळं बसवून झालं की एक परीक्षा घ्या, मी प्रत्येक ठिकाणी घेतो. आठवडाभर नीट चार्ज होऊ द्या आणि मग पॅनलवर जाड गोणपाट टाकून दोरीने बांधून टाका, दोन दिवस दोन रात्री. वहीत सकाळ-संध्याकाळ व्होल्टेज लिहा. तिसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा चालू असेल तर तुमचा श्रावण निघाला, नसेल तर बॅटरी मोठी लागेल किंवा कुठेतरी करंट गळतोय, आणि हे आत्ता कोरड्या दिवसात कळलेलं बरं. बहिणीकडे शिरपूरला असंच गोणपाट बांधलं होतं, तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मीटरवर १२.९ होते आणि कॅमेऱ्यात भाचा दूध घेऊन येताना स्वच्छ दिसत होता. गोणपाट काढलं, आणि १०० वॅटच्या पॅनलने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बॅटरी परत भरून दिली.